वसुलीचे फोन थांबले तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले खजिनदार काका, आणि या बिल्डिंगमधल्या माझ्या सगळ्या काका-काकूंनो, आजी-आजोबांनो,

निरोपाला उत्तर द्यायचा मान खरं तर बाबांचा. पण सकाळीच ते म्हणाले, "तू बोल. माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही." म्हणून मी उभी आहे. बोलायचं ते लिहून आणलंय. तेच वाचून दाखवते.

खजिनदार काकांनी आत्ता फार मायेनं सांगितलं, की माझ्या नोकरीच्या सोयीसाठी आम्ही घर बदलतोय. काका, तुम्ही आमची लाज राखायला बघितलीत. पण खोट्याचा आडोसा घ्यायचा नाही, असंच आम्हाला घरी शिकवलंय. आमचं घर बँकेनं घेतलंय, उद्या ते रिकामं करून द्यायचंय. आई, अशी बघू नकोस. बाबांना विचारूनच बोलतेय.

बाबांचा लिफ्ट-दुरुस्तीचा धंदा बसला, त्यांनी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला, हे तुम्हाला माहीत आहेच. असल्या बातम्या आपल्या जिन्यातून लिफ्टपेक्षा लवकर वर पोचतात. अर्ज केला आणि वसुलीचे फोन थांबले. आई म्हणाली, "कानाला केवढा आराम पडला!" पुढे कोर्टाचा हुकूम आला: देण्यांतून मुक्त. बाबांना वाटलं, घराचं कर्जही त्यातच गेलं.

कोणालाही तसंच वाटलं असतं, नाही का? पण घरकर्जात दोन गोष्टी असतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एक म्हणजे 'मी फेडीन' हा माणसाचा शब्द. दुसरी, तारण ठेवलेलं घर. कोर्टानं बाबांना त्यांच्या शब्दातून मोकळं केलं. घर तारणच राहिलं. बँक बाबांच्या मागे लागू शकत नव्हती. हप्ते थकल्यावर घर मात्र घेऊ शकत होती. फोन बंद होते ते कायद्यामुळे. आम्ही त्याला माफी समजलो.

मग हप्त्याचे पैसे गेले कुठे? ज्या देण्यांतून कोर्टानं सोडवलं होतं, तीच बाबा फेडत बसले! कारागिरांचे राहिलेले पगार, खालच्या हार्डवेअरवाल्या काकांची उधारी. काका म्हणाले होते, "अहो, कोर्टानं सोडलंय ना तुम्हाला? मग मला कशाला देताय?"

"कोर्टाला तुमचं तोंड रोज बघावं लागत नाही," बाबा म्हणाले.

"एवढं वाईट आहे का हो माझं तोंड?"

दोघं पोट धरून हसले. दारात उभी राहून मीही हसले. त्या पैशांबरोबर आमचं घर चाललंय, हे तिघांपैकी एकालाही कळलं नाही. हार्डवेअरवाले काका, कृपा करून मान खाली घालू नका. ते पैसे तुमचेच होते.

आता हे चारचौघांत कशाला, असं काहींना वाटत असेल. परवा आपल्यातल्याच एकानं बाबांना जिन्यात थांबवून विचारलं, "अर्ज केला की घराचे हप्ते भरायला नकोत ना?" कोणी, ते मी सांगणार नाही. बाबा काहीतरी पुटपुटून वर आले आणि न जेवता बसून राहिले. खरं सांगावं तर आपली फजिती उघडी पडते, न सांगावं तर आणखी एक घर जातं.

तर त्या प्रश्नाचं उत्तर असं: घर हवं असेल तर हप्ते भरायचे. कोणी मागितले नाहीत तरी. झेपत नसेल तर हप्ता चुकण्याआधी वकिलांकडे जा, बँकेशी बोला. आमच्यासारखं गप्प राहू नका.

आईच्या आजारपणात तुमच्यापैकी कितीजणांनी आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता, त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानू? अध्यक्ष महोदय, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, तर माझी चूक पदरात घ्या.

उद्या सामान निघेपर्यंत बाबा खाली टेम्पोपाशी असतील. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी या. ते सांगतील, तसं त्यांनी मला कबूल केलंय. फक्त त्यांना एक खुर्ची द्या. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते.