पदराआडचा चेहरा

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो — आपल्या माणसाला विचारावं लागतं का? 'माझंच तर आहे!' म्हणून काहीही करावं का? थांबा, माना हलवू नका! आधी गोष्ट ऐका.

आमच्या भागात निवृत्ती तांबट म्हणून एक फोटोवाले होते. लग्न असो, बारसं असो — तांबटांचं बिऱ्हाड निघायचं! गळ्यात दोन मोठे कॅमेरे, खांद्यावर पेटी, काखेत स्टँड. नवरदेवाच्या घोड्याला कमी ओझं! पण माणूस कसा? नवरी लाजली की थांबायचा. म्हाताऱ्या बाईला म्हणायचा, 'मावशी, पदर घ्या. काढू का?' — 'काढ बाबा!' म्हटल्यावरच बटण दाबायचा. आणि एवढं धूड समोर उभं असताना चोरून काढणार तरी कसा?

मग बायको आजारी पडली. यमुनाबाई. मिश्रीची सवय — अहो मागच्या ताई, खाली काय बघताय, तुम्हालाच सांगतोय! — गालात गाठ झाली. डॉक्टरांनी अर्धा जबडा काढला. निवृत्तीनं घरातला आरसा उतरवून माळ्यावर टाकला. बाई दिवसभर तोंडावर पदर धरायची. सख्ख्या बहिणीसमोरही सोडायची नाही. फक्त नवऱ्यासमोर! तो चमच्यानं पेज भरवायचा, तेव्हा पदर बाजूला व्हायचा. अहो, याहून मोठा मान काय असतो?

दवाखान्याच्या फेऱ्यांत ते ओझं कोण वागवणार? मोठे कॅमेरे पुतण्याला देऊन टाकले, एक छोटा घेतला. सदऱ्याच्या खिशात मावणारा! एसटीत, बाजारात, पारावर — खिशातून काढला की टिपला! कुणाला पत्ता नाही. मग विचारायचं कशाला? सवयच मोडली.

एका दुपारी यमुनाबाई झोपली होती. पदर सरकला होता. खिडकीतून ऊन आलं होतं. मंडळी, याच्या मनात पाप नव्हतं! ही जाईल, आणि माझ्याजवळ काही राहणार नाही — त्या भीतीनं त्यानं फोटो काढला. आला चांगला! आणि फोटोवाल्याला चांगला फोटो दाखवल्याशिवाय राहवतं का? पूर्वी फोटो धुऊन यायला दिवस जायचे, तेवढ्यात माणसाला अक्कल यायची. इथं लगेच पडद्यावर! ती उठली, तसा कॅमेरा पुढं केला — 'अगं बघ, ऊन काय सुंदर पडलंय!'

हा ऊन बघत होता हो! ती काय बघत होती?

बाईनं पदर ओढून घेतला. शब्द धड फुटत नव्हते. 'अहो... तुमच्यासमोर तरी मी मोकळी होते.'

'पुसतो! हे बघ, पुसला!'

'पुसा. मला दिसायचं ते दिसलं.'

संध्याकाळी हा पेज घेऊन बसला. पदर हटेना. तिनं वाटी घेतली, भिंतीकडं तोंड केलं, आपल्या हातानं प्यायली. निम्मी अंगावर सांडली. पुढंही तेच. हा पाया पडला तिच्या! 'रागावले नाही मी,' म्हणाली. खरंच रागावली नव्हती. राग असता तर उतरला असता.

गाठ पुन्हा वर आली आणि बाई गेली. अंघोळ घालायला बायका आत गेल्या, तसा हा मागं धावला — एकदा बघू दे! मेहुणी दारात आडवी झाली. रडत होती बिचारी, पण हलली नाही. 'दाजी, तुम्ही बाहेर थांबा. अक्कानं शपथ घातलीय.'

शेवटी कुंकू लावायला त्याला बोलावलं. तोंडावर फडकं तसंच होतं. नवऱ्यासाठी फक्त कपाळ उघडं ठेवलं होतं.

आता कॅमेऱ्याला नावं ठेवून सुटू नका! परवा एका घरी गेलो. म्हातारे वडील नळ्या लावून पडलेले, अंगावर धड कपडा नाही. मुलगा — चांगला मुलगा हो! — फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतोय, 'बाबांसाठी प्रार्थना करा.' जन्मभर टोपीशिवाय उंबरा न ओलांडलेला माणूस! बोलता येत नव्हतं. त्यानं मान फिरवली. आणि मुलगा म्हणतो, 'बाबा, इकडं बघा!'

मृदंगबुवा, थांबा जरा. गजर नंतर. मंडळी, मोबाइल आहेत ना खिशात? कुणाकुणाची लाज त्यात भरून देवासमोर बसलाय, ते आठवा. आणि घरी जाल तेव्हा आईबापाकडं, बायकोकडं नुसत्या डोळ्यांनी बघा. अजून ती तुम्हाला तोंड दाखवतायत, तोवर बघून घ्या.