दिवेलागणीचा वाघ

न्हाय सायेब, माझी शेळी न्हाय मिळायची पिंजऱ्यात बांधायला! तुमची फॉरेस्टवाल्यांची बरी तऱ्हा हाय — पिंजरा तुमचा, वाघ तुमचा आणि शेळी सरूबाईची? बसा, बसा खाटेवर, चहा टाकते. आणि पकडायचंच कशाला त्याला? शिकलेली न्हाय मी, पण एवढं कळतंय — मीरा रोडला नव्या बिल्डिंगा झाल्या, त्यांचा कचरा टेम्पोनं इकडं घोडबंदर रोडला येऊन पडायला लागला. कचरा आला तशी कुत्री आली — ही झुंड! कुत्री आली तसा डोंगरावरनं बिबट्या उतरला. माणसाला कधी नख लावलं न्हाय हां त्यानं! उलट आमच्या अख्ख्या वरसावे गावात कुणाचं भलं झालं असंल तर माझं. आमच्या संजनाचा बाप — कामावरनं सुटला की थेट दारूच्या गुत्त्यावर, मग झोकांड्या खात घरी. एकदा त्याच्या डोळ्यांदेखत बिबट्यानं कुत्रं उचललं, तवापास्नं गडी दिवे लागायच्या आत दारात! पोरीचा अभ्यास घेतो, भाजीला नावं न ठेवता जेवतो. जे त्याच्या आईला जमलं न्हाय, मला जमलं न्हाय, ते त्या मुक्या जनावरानं केलं. मी तर वाघोबाला कोंबडं दिलं, शेंदूर लावला — देवा, असाच येत राहा म्हटलं.

पण देव असा राहतोय व्हय? शिमग्याच्या सुमाराला कुत्री धरायची म्युन्शिपाल्टीची गाडी आली, सगळी कुत्री भरून घेऊन गेली. खायलाच न्हाय तर तो कशाला येतोय? गेला डोंगरापल्याड. पाऊस लागला तरी त्याचा पत्ता न्हाय. आणि आमच्या माणसाला बरोब्बर वास लागला — 'अगं, वाघ गेला वाटतं,' म्हणत संध्याकाळचा चपला शोधायला लागला! मग बाईमाणसानं करायचं काय? चिखलात मूठ दाबायची, वर चार बोटं टेकवायची — झाला पंजा. नखं न्हाय उमटवायची, मांजरासारखी आत असतात ती —

असं का बघताय सायेब? कुठला? हां... तो नळाजवळचा पंजा व्हय. तो एसटीडीवाला उत्तम मेला आगाऊ, त्याला कुणी सांगितलं होतं तुम्हाला फोन करायला! लिहू नका हो. हसा, पण हळू हसा — तो बघा, आलाच संजनाचा बाप, ऊन हाय तवर आला, हातात भाजीची पिशवी पण हाय. पिंजरा लावा सायेब. रिकामा लावा, पण रस्त्यावरनं दिसंल असा लावा. आणि जाता जाता त्याला एवढंच सांगा, केवढा मोठा वाघ हाय तो.

अहो, ऐकलंत का? फॉरेस्टचे सायेब आलेत — सांगा सायेब, सांगा.