प्रार्थनेत उघडलेली खिडकी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाद्री इओसेफो, व्यासपीठावर विराजमान झालेल्या आरोग्य केंद्राच्या प्रमुख मिसेस कार्मायकल, आजच्या सत्कारमूर्ती सिस्टर ग्लेनिस, न्यूझीलंडमधल्या या आपल्या पूर्व पोरिरुआतल्या सर्व घराण्यांचे प्रमुख, आणि मागे स्वयंपाकघरात टारोचे कंद सोलता सोलता एक कान इकडे ठेवलेल्या भगिनींनो,

आम्हा सामोअन लोकांच्या रिवाजाप्रमाणे एकेका घराण्याला त्याच्या उपाधीसह वंदन केल्याशिवाय वक्त्यानं पुढे जाऊ नये. पण तसं करायचं तर डुकराचं मटण गार होईल, आणि अध्यक्षांनी मला पाचच मिनिटं दिली आहेत. सामोअन वक्त्याला पाच मिनिटं खाकरायलाच लागतात. तेव्हा कोणाचा मान राहून गेला असेल, तर त्यांनी राग जेवणावर काढावा.

सिस्टर ग्लेनिस चौतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होत आहेत. त्यांनी किती घरं तपासली, किती मुलांच्या छातीला नळी लावली, हे मिसेस कार्मायकल यांनी आत्ता सांगितलंच. मी फक्त एका घराबद्दल बोलणार आहे. ते माझं घर. आणि सांगणार आहे ती गोष्ट आठ वर्षं माझ्या पोटात आहे. सिस्टरांना ती ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून त्यांनी ती कधी ऐकलेली नाही.

माझी नात मालाएला तेव्हा पाच वर्षांची होती. त्या वर्षी मे महिन्यापासून, म्हणजे इथला हिवाळा तोंडावर आल्यापासून, तिला दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं. रोज खोकला. झोपेत छातीतून शिट्टीसारखा आवाज. आम्ही काय केलं? तिला जपलं. सगळे एकाच खोलीत झोपायला लागलो, म्हणजे ऊब राहील. चर्चमधल्या एका भल्या माणसानं चाकांवरचा गॅसचा हीटर दिला, तो दिवसभर पेटता ठेवला. आणि खिडक्या? खिडक्या तर आधीपासूनच बंद होत्या, कारण आमचे शेजारी मिस्टर ब्राइस. (हसू नका, ते तिसऱ्या रांगेत बसलेत.) त्यांनी एकदा कुंपणावरून हाक मारून विचारलं होतं, "अहो, रोज संध्याकाळी तुमच्याकडे कोणी मरतं का?" आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेबद्दल, आमच्या लोटूबद्दल, हे बोलणं! त्या दिवसापासून मी भजनाआधी एकेक खिडकी लावून घ्यायचो आणि फटीत टॉवेल कोंबायचो. देवाची स्तुती देवालाच ऐकू जावी, ब्राइसला नको.

एका मंगळवारी सिस्टर नेमक्या लोटूच्या वेळी आल्या. पाहुणी आली म्हणून माझ्या बायकोनं, फुआतिनोनं, हीटर आणखी मोठा केला. सिस्टर आमच्याबरोबर जमिनीवर मांडी घालून बसल्या. मांडीवर साबणाच्या वडीएवढं एक यंत्र, खोलीतली हवा किती कोंदली ते आकड्यात दाखवणारं. आम्ही अकरा माणसं. गाणी झाली, आणि मग माझी प्रार्थना सुरू झाली. माझी प्रार्थना केवढी असते, हे सभागृहाला सांगायला नको. मी सगळ्या बेटांवरच्या सगळ्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत होतो, आणि मध्येच, आमेनच्या कितीतरी आधी, खिडकी उघडल्याचा आवाज झाला.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या होत्या. टॉवेल त्यांच्या हातात होता.

माझ्या पन्नास वर्षांच्या प्रार्थनेत कोणी शिंकलंसुद्धा नव्हतं. मी ओरडलो, "बाई, तुम्ही देवाला मध्येच थांबवलंत!"

त्या म्हणाल्या, "तालिआओआ, देव ऐकतोय. पण मालाएलाला श्वास घेता येत नाहीये."

मी त्यांना दार दाखवलं. यंत्र तसंच राहिलं, आणि त्या गेल्या. मी तेवढ्यावर थांबलो नाही. मी घराण्याचा प्रमुख, ती उपाधी माझ्या अंगात संचारली होती. मी त्यांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं की ही बाई आमच्या धर्माचा अपमान करते, हिला आमच्या वस्तीत पाठवू नका. वस्तीतल्या ज्यांना पत्राचं कळलं, त्यांनी माझं कौतुकच केलं. कार्यालयानं सिस्टरांना उरलेला सगळा हिवाळा दुसऱ्या भागात धाडलं. आमच्याकडे कोणीच आलं नाही.

तीन आठवड्यांनी मालाएलाचे ओठ निळे पडले.

अकरा दिवस ती इस्पितळात होती. त्यात एका दुपारी फुआतिनो कपडे न्यायला घरी आली, मीही बरोबर होतो. तिनं कपाटातून ते यंत्र काढलं. मला न विचारता तिनं ते जपून ठेवलं होतं. म्हणाली, "म्हाताऱ्या, कर आता प्रार्थना. मी बघते."

घरातल्या सगळ्यांना बोलावलं, खिडक्या लावल्या, हीटर पेटवला. मी डोळे मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. बाहेरच्या हवेला ते यंत्र चारशे-सव्वाचारशे म्हणायचं. गाणी संपेपर्यंत अठराशे. माझी प्रार्थना अर्ध्यावर आली तेव्हा तीन हजार. मी बोलत होतो आणि आकडा चढत होता. मी काय पाहत होतो? माझ्या मुलांचा, सुनांचा, नातवंडांचा टाकलेला श्वास. इतकी वर्षं आम्ही एकमेकांचा उष्टा श्वास घेत होतो, वर त्या हीटरचा धूर नसलेला धूर, आणि सगळ्यांत लहान छाती त्यात सगळ्यांत जोरात धडपडत होती. जे कधी दिसत नाही, ते माझ्यापुढे मोजून मांडलेलं होतं.

फुआतिनो म्हणाली, "चार हजार. आता आमेन म्हण, नाहीतर आम्ही सगळे देवाला प्रत्यक्षच भेटू."

मी खिडकी उघडली. जुलैचा वारा आत आला. दोन हजार आठशे. सोळाशे. नऊशे. थोरला मुलगा रडत होता. आणि मला सामोआतल्या सवाईई बेटावरचं माझं घर डोळ्यांपुढे दिसलं. तुमच्यातल्या किती जणांचा जन्म तशा घरात झालाय? खांब, छप्पर, आणि भिंत एकही नाही. समुद्र सरळ घरात बघतो. भिंती नसलेल्या घरात जन्मलेला माणूस मी, फटीत टॉवेल कोंबायला कधी शिकलो?

वसंतात सिस्टर परत आल्या. चहा घेतला, हीटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याला नळी नाही, धुराडं नाही. नऊ किलोची गॅसची बाटली जळली की चौदा लिटर पाणी घरातल्या हवेत जातं."

फुआतिनोनं कपाळाला हात लावला. "म्हणजे रोज सकाळी मी काचेवरून जे पुसते, ते आम्ही दुकानातून उचलून आणतो?"

हीटर गेला. घरमालकांच्या मागे लागून सिस्टरांनी छताला अस्तर आणि भिंतीवर विजेचा हीटर बसवून घेतला. मिस्टर ब्राइस आता बेसूर झालं तरच तक्रार करतात. पत्राबद्दल सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, आणि आजतागायत नाही. मी बेटांवर वादळं पाहिली आहेत, पण एवढी शांत ताकद मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही.

मालाएला आता तेरा वर्षांची आहे. ती इथेच आहे, उत्तम गाते. पण तिच्या उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग त्या हिवाळ्यात कायमचा जखमी झाला. रोज सकाळी तिची आई अर्धा तास तिची पाठ थोपटते, तेव्हा कुठे कफ सुटतो. त्या तीन आठवड्यांत सिस्टर आल्या असत्या तर? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मला सांगता येतं.

अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, आभारी आहे. मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचेही आभार. आता भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो की बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. ते मी तुमच्याकडे मागतो. सिस्टरांकडे मात्र तेवढ्यानं भागणार नाही.

माझ्या मुलानं ही चटई आणली आहे. ही माझ्या आईनं विणलेली. आमच्यात मोठा अपराध झाला की माणूस अशी चटई डोक्यावर घेऊन समोरच्याच्या दारात बसतो. ज्याचा अपराध केला, त्यानंच ती उचलायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. फुआतिनो, तूसुद्धा नाही. सिस्टर, तुमचं दार आज हे व्यासपीठ आहे, म्हणून मी त्याच्या पायरीवर बसतो. म्हाताऱ्याला फार वेळ ताटकळत ठेवू नका, असं म्हणणार होतो. ते म्हणत नाही. तुम्ही आठ वर्षं थांबलात. चटई उचलायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

मी बसतो.