धनश्रीच्या नाकातला चहा

— न्हाई, भिऊ नका. तुमच्या बाळाचा ओठ शिवत्याल, नीट दूध पिईल. पन एकदा शिवलं म्हंजी भागलं असं न्हाई बरं — लेकरू वाढतं तसं शिवलेलं वढत जातं. आमची धनश्री, आत्ता आत हाय ना नाकाच्या आपरेशनला, तिचं तान्ही असताना ओठ अन् टाळू दोन्ही शिवलं. वाढली तसं नाक एका अंगाला बसलं, टाळूला बारकं भोक ऱ्हायलं. बोलनं समदं नाकातून. कुनाला कळायचं? मला एकटीला. मी तिची वकील म्हना ना.

तर कोल्हारचं स्थळ आलं. पोराचा मामा, ही एवढी ढेरी, म्हनतो, "सैपाक येतो का?" धनश्री म्हनली, "ह्याला जेवू घालायचं तर लग्नाची कढई लागंल." म्या सांगितलं, "येतो म्हनती, पुरनपोळीसुदा." मामा खूश. तेवढ्यात पोरीला हसू फुटलं, अन् तोंडातला चहा नाकातून थेट मामाच्या धोतरावर. स्थळ गेलं. तिचे वडील म्हनले, नाक सरळ करा. आख्खं कोपरगाव म्हनलं, नाक करा. ती म्हनली, "आधी भोक बुजवा. नाक लोकांना दिसतं, बोलायचं मला हाय."

मंग टाळू पुन्हा शिवली. बोलनं सुदरायला नाकाखाली आरसा धरून दिसभर पा-पा, बा-बा, वारा नाकातून गेला की आरशावर वाफ धरायची — म्हशीबी कटाळल्या. आता कारखान्याच्या हापिसात फोनवर बसती. फोनवर, बगा! आजचं नाकबी लग्नासाठी न्हाई, एक नाकपुडी बंदच हुती, दम लागायचा. बरगडीचं मऊ हाड काढून बसवत्यात म्हनं.

परवा दुसरं स्थळ आलं. मी तोंड उघडायच्या आत म्हनती कशी, "आई, तू आत जा, मी बोलते." गेले की. काय करू? इतकी वर्सं तिचा शब्दनशब्द माझ्या तोंडातून भाईर पडायचा — अन् तितं समदे हसत हुते, मी गॅसपाशी हुबी, कशाला हसत्यात ते मला ठाव न्हाई. आजून इचारलं न्हाई. कसं इचारू —

थांबा. दार उघडलं. गाडीवर घालून आनली, तीच हाय. एवढी पट्टी हाय तोंडावर, तरी कायतरी म्हनती —

तुमी जरा गप बसा हो, ऐकू द्या. लई बोलता.