ब्रन्झा आणि आबांची घोंगडी

तुम्हाला सांगते, मुंबईहून शिकून वडीगोद्रीला परतताना वाटलं होतं, माझे वडील, आबा, फाट्यावर उभे असतील. पण ते मेंढरं घेऊन गोदाकाठी गेले होते. घरात होती ती खुंटीवरची त्यांची जुनी घोंगडी. निघताना ती ते मागं ठेवतात, आणि परत येईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. मला तर चार दिवसांतच जालन्याच्या शाळेत शिकवायला जायचं होतं.

जेवताना मी वसतिगृहातल्या रुमानियन मैत्रिणीची गोष्ट काढली. "मेंढीच्या दुधाच्या खारट पनीराला ते ब्रन्झा म्हणतात. हा शब्द आला कुठून, यावर त्यांच्या पंडितांत भांडण आहे. कुणी म्हणतं लॅटिनमधून, कुणी म्हणतं त्याहून जुना, मेंढपाळांचा."

चुलते हसले. "मंग मेंढपाळालाच इचारा की! पंडित काय दूध काढून राह्यलेत?"

"हा शब्द काढणारे मेंढपाळ आता कुठले सापडायला, तात्या? ते कधीच पुढं गेले. शब्द तेवढा मागं राहिला."

भाकरी थापता थापता आई थांबली. खुंटीकडं बघत म्हणाली, "बराबर हाये. माणूस जातं, आन् मागचे त्याच्या वस्तूकडं बघत बसत्यात."

सकाळी मी घोंगडी काढून खांद्यावर टाकली.

"अगं, हात लावू नको. त्ये आले न्हाईत अजून."

"म्हणूनच मी त्यांच्याकडं गोदाकाठी निघाले, आई. शाळा थांबेल."

आईनं पाणी ओतून चूल विझवली. "थांब, मी बी येते."