कंगव्याला पडलेलं एक मत

एक! अहो, एक म्हणजे एकच! शून्य पडलं असतं तर माणूस निदान मोकळेपणानं रडला तरी असता, पण एक... तुम्ही आमच्या वॉर्डातले नाही म्हणून सांगतो, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, मला कशाला हवी होती निवडणूक? पण चौकातलं मोठं घड्याळ अकरा वर्षं सव्वाचारवर अडकलंय, म्हटलं फुकट चालू करून देतो, तर नगरपालिकेच्या ऑफिसातले म्हणाले, "नगरसेवकाची शिफारस आणा." आणली असती हो, पण नगरसेवक सापडेल तर ना! मग म्हटलं, आपणच उभं राहू. नऊ उमेदवार, दहावा मी. चिन्ह मिळालं कंगवा. आता हे माझं डोकं बघा आणि सांगा, ही थट्टा नाही तर काय?

आणि लोक काय गोड! ज्याच्या दारात जावं तो हात हातात घेणार, बसवणार, पाणी देणार... आणि पाठ वळली की कानावर येणार, "माणूस चांगला आहे, पण येणार नाही."

निकाल लागला. कंगवा, एक. सगळे धरूनच चालले, हे याचं स्वतःचं! मग एकेकाची कबुली सुरू. बायको डोळे पुसत म्हणाली, "अहो, तुम्हालाच देणार होते, पण तो मेला शिडीवाला यायला नको म्हणून छत्रीला दिलं... छत्रीच त्याला पाडू शकत होती ना!" आई म्हणाली, "तुझे वडील आयुष्यभर किटलीला द्यायचे रे, बोट आपसूक तिकडंच गेलं." धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, येणाऱ्याला दिलं की उद्या काम सांगता येतं." आणि शेजारचा शिंपी, ज्यानं माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही केली तो, कापडावरची नजर न काढता काय म्हणतो? "दोस्ता, माणूस चांगला आहेस, पण..." पुढचं मीच म्हटलं!

सगळ्यांना माफ केलं. मोठ्या मनानं. कारण... जरा जवळ या... ते मत माझंही नव्हतं हो!

झालं काय, मत द्यायला त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो आणि इतकं शांत वाटलं... भोंगे नाहीत, नमस्कार नाहीत, खिडकीतून आलेलं ऊन यादीवर पडलेलं, दहा चिन्हं नुसती तरंगतायत. सगळ्यात खाली माझं नाव. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ते कुणा दुसऱ्याच माणसाचं वाटायला लागलं, लांबच्या गावच्या, ओळखीच्या. मनात आलं, माणूस चांगला आहे, पण... आणि बोट छत्रीवर! बीप वाजली तेव्हा जागा झालो.

मग ते एक कुणाचं? तुम्हाला सांगतो, तेव्हापासून दुकानात बसतो, डोळ्याला भिंग तसंच, हातातलं घड्याळ उघडं, आणि रस्त्याकडे बघत राहतो. पोस्टमन जातो, वाटतं हाच. दूधवाली हसते, वाटतं हीच. साडेचार हजारांतून कुणीतरी एकानं शिडी नाही, छत्री नाही, मला निवडलं हो, मला! सगळा रस्ताच हल्ली आपला वाटतो. दिसेल त्याला मीच आधी नमस्कार करतो. लोक म्हणतात, "पुढच्या वेळची तयारी वाटतं!"

त्या माणसाला एकदा भेटावं, आभार मानावेत, फार फार वाटतं... पण विचारायची सोय आहे का? "ते मत तुमचं का हो?" म्हटलं की समोरचा म्हणणार, "म्हणजे? तुमचं नव्हतं?"