काचेची दोन टोकं

(खिडक्यांच्या कारखान्यातून दोघे नुकतेच घरी आलेत: भाऊ आणि त्याचे दाजी. दोघेही उभेच आहेत. ताई मध्ये.)

ताई – थांबा, एकेकानं बोला. साहेबांनी काढलं कोणाला?

भाऊ – मला.

दाजी – काहीतरीच काय! मला काढलंय.

ताई – अहो, एकाच कारखान्यातून आलात ना दोघं?

दाजी – नीट ऐक. सकाळी साहेब म्हणाले, बांधकामं थांबलीत, खिडक्या कोणी घेईना. काच वाहायला जोडी परवडत नाही. एकजण राहील, ढकलगाडीवर काम करील. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ताई – मग?

भाऊ – जेवणाच्या सुट्टीत ठरवू म्हटलं, तर दाजी गायब!

दाजी – साहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, मी जातो, मेहुण्याला ठेवा. याचं लग्न ठरतंय. बिनकामाच्या पोराला मुलगी कोण देईल?

ताई – आणि आपली लेकरं? मला एका शब्दानं विचारायचं तरी!

दाजी – विचारलं असतं, तर जाऊ दिलं असतंस?

भाऊ – दाजी... तुमच्यानंतर मीही गेलो होतो.

दाजी – तू कशाला कडमडलास?

भाऊ – म्हटलं, मी जातो, दाजींना ठेवा. लग्न काय, पुढं ढकलता येतं. लेकरांची शाळा ढकलता येते का?

ताई – साहेब काय म्हणाले?

भाऊ – ‘ठीक आहे.’

दाजी – अरे, मलाही ‘ठीक आहे’च म्हणाले!

ताई – अगं बाई! म्हणजे दोघंही गेलात?

भाऊ – की दोघंही राहिलो?

दाजी – डोकं चालेनासं झालंय. काच नेताना मी उलटा चालतो, तू समोरून बघतोस. तू ‘पायरी’ म्हणालास, की डोळे मिटून पाय उचलतो मी. तिथं कधी चुकला नाहीस. आजच तोंडाला कुलूप?

भाऊ – तुम्ही तरी कुठं बोललात?

ताई – भांडू नका रे. उद्या साहेबांना सरळ विचारा.

दाजी – काय विचारू? मला ठेवा म्हटलं, की हा गेला.

भाऊ – मी म्हटलं, की हे गेले.

ताई – एकीकडे कुंकू, एकीकडे पाठचा भाऊ. मी मेली कोणाच्या बाजूनं बोलू?

भाऊ – ताई, रडू नकोस. उद्या दोघंही जातो. काचेपाशी उभे राहतो, नेहमीसारखे.

दाजी – आणि दोघांनाही हटकलं तर?

भाऊ – ...ते नाही ठरवलं.

ताई – डबे दोघांचेही भरते. परत आलात, तर इथंच बसून खा.